गझनीचे पदक आणि वायकाटोची पन्नास एकर : एकाच नावाच्या दोन सैनिकांचा उलगडा

हे प्रकरण ऑकलंडमधल्या एका घराण्याचे आहे. ओळख पटू नये म्हणून माणसांची नावे, पलटणीचा क्रमांक आणि जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक गाळला आहे. कागद कुठल्या क्रमाने मागवले आणि कुठे चुकीच्या वाटेला लागायची वेळ आली, ते मात्र सविस्तर दिले आहे.

पार्श्वभूमी

पुण्याहून ऑकलंडला गेलेल्या एका कुटुंबातल्या मुलीचे लग्न तिथल्या जुन्या वसाहती घराण्यात झाले. आजेसासूबाई नव्वदीला टेकलेल्या. त्यांच्याकडे एक चांदीचे पदक, पन्नास एकरांच्या सरकारी सनदेची छायाप्रत आणि घरच्या बायबलचे सुटे झालेले पान होते. त्या पानावर मुलांच्या जन्मनोंदी, आणि पहिल्याच ओळीत थोरल्या मुलापुढे ‘पूनाह, ईस्ट इंडीज, १८४१’.

या तीन वस्तूंच्या जोडीला घरात चालत आलेली एक हकिगत होती : ‘आमचा मूळपुरुष हिंदुस्थानातून फौजेबरोबर वायकाटोच्या लढाईसाठी आला, त्याला पन्नास एकर मिळाली, ती आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसली, आणि त्याची बायको बॉम्बेची होती.’ सुनेला पुण्याच्या उल्लेखाने साहजिकच ओढ लागली. घराण्याची छोटी पुस्तिका करायची ठरली आणि आजेसासूबाईंच्या हयातीतच ती व्हावी अशी सगळ्यांची इच्छा होती.

पुढचे समजण्यासाठी न्यूझीलंडमधल्या दोन वेगवेगळ्या सैनिकी वसाहती लक्षात घ्याव्या लागतात. पहिली ‘रॉयल न्यूझीलंड फेन्सिबल’ची. ब्रिटिश फौजेतून निवृत्तिवेतनावर बाहेर पडलेले, अठ्ठेचाळिशीच्या आतले, चांगल्या वर्तणुकीचे शिपाई बायकामुलांसह दहा जहाजांतून १८४७ ते १८५२ या काळात ऑकलंडला आणले गेले. शिपायांची संख्या सातशेवर होती. त्यांना ओनेहुंगा, ओटाहुहू, पॅनम्युअर आणि हॉविक या चार गावांत वसवले. अट सात वर्षांची : वर्षाला ठरावीक दिवस कवायत, दर रविवारी चर्चपुढे हजेरी, आणि शहरावर चाल आली तर शस्त्र उचलायचे. मोबदला म्हणजे प्रवासखर्च, दोन खोल्यांचे घर आणि एक एकर जमीन.

दुसरी वसाहत वायकाटो मिलिशियाची. जुलै १८६३मध्ये ब्रिटिश फौज मांगाताफिरी ओढा ओलांडून वायकाटोत, म्हणजे ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या माओरी मुलखात, शिरली. त्यानंतर ओटागोच्या सोन्याच्या खाणींवरून, मेलबर्नहून, सिडनीहून तरुण भरती करून चार रेजिमेंट उभारल्या गेल्या. भरतीचे वय चाळिशीच्या आत. तीन वर्षांच्या करारानंतर साध्या शिपायाला पन्नास एकर शेतजमीन आणि गावात एक एकर, कॉर्पोरलला साठ, सार्जंटला ऐंशी, कॅप्टनला तीनशे. पहिली रेजिमेंट टौरांगाला, दुसरी अलेक्झांड्रा म्हणजे आजच्या पिरोंगियाला, तिसरी केंब्रिजला आणि चौथी हॅमिल्टनला वसली.

म्हणजे सनदेत एक एकर असेल तर फेन्सिबल आणि पन्नास असतील तर मिलिशिया, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. या घराने दोन्ही वसाहती एकाच माणसाच्या नावावर लावल्या होत्या.

अडचण

पदक गझनीचे, म्हणजे अफगाणिस्तानातला तो किल्ला घेतल्याबद्दलचे, होते. एका बाजूला किल्ल्याचे दार, दुसऱ्या बाजूला २३ जुलै १८३९ ही तारीख. तेव्हा लढलेला शिपाई १८६३मध्ये चाळिशीच्या आत असणे अवघड. मग वायकाटो मिलिशियात त्याची भरती झालीच कशी? आणि १८६३मध्ये पहिल्यांदा न्यूझीलंडला आला असेल, तर हॉविकच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये १८५०च्या सुमारास त्याच्या मुलीचा बाप्तिस्मा कसा?

इंटरनेटवरच्या तीन वंशवृक्षांनी यावर सोपा तोडगा काढला होता. तिन्हींत एकच माणूस, जन्म १८२५ ‘अंदाजे’, आयर्लंड. १८२५ हे वर्ष कुठल्याही कागदात नव्हते. दोन्ही टोके जुळावीत म्हणून कोणीतरी मधले वर्ष घातले आणि बाकीच्यांनी ते उतरवून घेतले. या वर्षाने पाहिले तर गझनीच्या वेळी तो चौदा वर्षांचा होतो.

दुसरी गाठ बायकोची. ‘बॉम्बेची’ याचे तीन अर्थ संभवतात. मुंबई, ऑकलंडच्या दक्षिणेचे, आज त्याच नावाच्या टेकड्यांमुळे ओळखले जाणारे बॉम्बे गाव, आणि ते गाव ज्याच्यावरून नाव पावले ते १८६०च्या दशकात वसाहतवाले घेऊन आलेले बॉम्बे नावाचे जहाज. बायबलच्या पानावर पुणे असल्याने घरच्यांनी मुंबई गृहीत धरली होती.

तिसरा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता : ती पन्नास एकर आधी कोणाची होती?

कोणते पर्याय होते

पुण्यापासून सुरुवात करावी, असा सुनेचा पहिला विचार होता. तिचे मामा पुण्यात कॅम्पातच राहतात. ‘तू फक्त नाव सांग, मी चर्चमध्ये जाऊन वह्या बघतो,’ असे ते म्हणाले होते. पण नाव सर्रास आढळणारे आयरिश. १८४१ हे वर्ष जन्माचे की बाप्तिस्म्याचे ते माहीत नाही. पलटण माहीत नाही. पंथही नक्की नाही. लष्करी चर्च म्हणावे तर १८२५पासूनचे सेंट मेरीज आहे, खडकीचे आहे, आणि शिपाई कॅथलिक असेल तर पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचे सिटी चर्चही आहे. ‘मामा, आधी तारीख आणि पलटण मिळवू, मग तुम्ही जा,’ असे तिने कळवले. ही पहिली महत्त्वाची निवड आणि ती योग्य ठरली.

डीएनए चाचणी हा दुसरा पर्याय. नवऱ्याने स्वतःची नळी मागवलीही होती. ती थांबवली, कारण हिशेब साधा आहे. संभाव्य भारतीय स्त्री त्याच्यापासून सहा-सात पिढ्या मागे. दर पिढीला वाटा सरासरीने निम्मा होतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला एक-दीड टक्का किंवा त्याहून कमी. तेवढा अंश अहवालात दिसेल याची खात्री नाही, आणि न दिसला तर घरचे ‘म्हणजे गोष्ट खोटी’ असा निष्कर्ष काढणार. चाचणी करायचीच तर सर्वांत वडील पिढीची, आणि तीही कागद हाती आल्यावर.

तिसरा पर्याय कंटाळवाणा होता : न्यूझीलंडमधल्या सर्वांत अलीकडच्या नोंदीपासून एकेक पाऊल मागे जायचे, आणि सनदेचा माणूस व पदकाचा माणूस हे सिद्ध होईपर्यंत वेगळेच धरायचे. तोच घेतला. एका तक्त्यात ‘शिपाई क’ आणि ‘शिपाई ख’ असे दोन रकाने केले. प्रत्येक कागद कुठल्या रकान्यात जातो ते कारणासह लिहायचे. कारण देता येत नसेल तर तिसऱ्या, ‘अनिश्चित’ रकान्यात टाकायचे. नुसते नाव जुळणे हे कारण धरायचे नाही.

काय केले

सुरुवात मृत्युनोंदींपासून. न्यूझीलंडमध्ये १८७६पासून मृत्युनोंदीत जन्मस्थळ, देशात किती वर्षे झाली, आईवडिलांची नावे, लग्न कुठे, कितव्या वर्षी, कोणाशी, आणि हयात मुलांची वये ही माहिती येते. त्याआधीच्या नोंदीत नाव, वय, व्यवसाय आणि मरणाचे कारण याच्या पलीकडे फारसे काही नसते. म्हणून एखाद्या घरातला माणूस १८७५मध्ये गेला असेल, तर त्याच्यापेक्षा जास्त जगलेल्या बायकोची किंवा भावाची नोंद मागवावी.

इथे एकाच नावाचे दोन मृत्यू निघाले. एक १८७०च्या आधीचा, हॉविकचा ‘पेन्शनर’. दुसरा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, शेतकरी, जन्म ‘इंडिया’, वडिलांचे नाव तेच. बाप आणि थोरला मुलगा. बायबलमधला ‘पूनाह’चा मुलगा हाच.

मग वायकाटो मिलिशियाची नामावली. ती आर्काइव्ह्ज न्यूझीलंडकडे आहे आणि तीत वय, उंची, व्यवसाय, जन्मस्थळ, भरतीचे ठिकाण दिलेले असते. या नावाचा शिपाई तिसऱ्या रेजिमेंटमध्ये होता : बावीस वर्षांचा, खाणकामगार, भरती ड्युनेडिनला, जन्म ‘ईस्ट इंडीज’. ऑकलंडचा मुलगा ड्युनेडिनला कसा, या शंकेमुळे वंशवृक्षवाल्यांनी ही नोंद परक्याची म्हणून सोडली होती. पण १८६१मध्ये गॅब्रिएल्स गलीत सोने सापडल्यावर उत्तरेकडचे कितीतरी तरुण ओटागोला गेले होते, आणि मिलिशियाचे भरती अधिकारी माणसे शोधायला त्याच खाणींवर पोचले. जन्मस्थळाच्या रकान्याने गाठ सोडवली. सनद मुलाची.

आता बाप. फेन्सिबल म्हणजे निवृत्तिवेतनधारक, आणि निवृत्तिवेतनधारक म्हणजे लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ९७ या मालिकेत (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्धखाते) सुटकेचा, म्हणजे फौजेतून मोकळे केल्याचा, कागद असण्याची चांगली शक्यता. यातली नेहमीची चूक अशी की लोक पदकावरून पलटण ठरवतात आणि तिच्याच कागदांत शोधतात. एखादी पलटण मायदेशी परतायला निघाली की तिच्यातल्या शिपायांना मागे राहणाऱ्या पलटणींत बदली घेता येत असे, त्यासाठी बक्षिसीही मिळे. म्हणून सुटका भलत्याच पलटणीतून झालेली असू शकते. इथे तसेच होते. सर जॉन कीनच्या हाताखाली मुंबईकडून अफगाण मोहिमेवर गेलेल्या ब्रिटिश पायदळात २ आणि १७ क्रमांकाच्या पलटणी होत्या. हा शिपाई त्यांपैकी एकीत होता, पण सुटका दुसऱ्याच पलटणीतून, १८४०च्या दशकाच्या मध्यावर, प्रकृतीच्या कारणाने. कागदावर आयर्लंडमधला पॅरिश (चर्चच्या हद्दीवरून ठरलेला विभाग), भरतीचे वय, गझनी आणि कलात या लढाया, पदक आणि शेवटचा मुक्काम पुणे.

पुढे निवृत्तिवेतनाच्या जिल्हावार नोंदींनी, म्हणजे डब्ल्यूओ २२ने, त्याचे वेतन ऑकलंडला वळवल्याचे दाखवले, आणि तो १८४७च्या जहाजांपैकी एकावरून आल्याचे स्पष्ट झाले. जहाजांच्या बऱ्याच याद्यांत शिपायाचे नाव असते. बायकोमुलांची फक्त संख्या. यादीत मुलाचे नाव सापडत नाही म्हणून तो जहाजावर नव्हताच असे धरू नये.

बायकोचा शोध सर्वांत लांबला. तिची मृत्युनोंद १८७६नंतरची, त्यामुळे भरलेली : जन्म मुंबई, लग्न पुण्याला, सोळाव्या वर्षी, नवरा हाच, वडील शिपाई, आईच्या नावाची जागा रिकामी. माहिती देणारा थोरला मुलगा. वयावरून लग्न १८३८चे येत होते. ब्रिटिश लायब्ररीतल्या मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदींत, म्हणजे एन/३ मालिकेत, त्या वर्षी या जोडीचे लग्न नाही. दोन वर्षे मागेपुढे पाहिले. १८४०मध्ये नवऱ्याचे नाव सापडले, पण वधूचे आडनाव वेगळेच. नाव जुळते, आडनाव नाही.

इथे दोन मार्ग होते : ही दुसरी बायको मानून पुढे जायचे, किंवा वधूपुढचा ‘विधवा’ हा शब्द गांभीर्याने घ्यायचा. पलटणीच्या जगात दुसरी शक्यता फार मोठी. हिंदुस्थानात जाणाऱ्या पलटणीत शंभर शिपायांमागे जेमतेम बारा बायका अधिकृत यादीत असत. नवरा गेला की विधवेला बराकीतली जागा आणि भत्ता फार काळ मिळत नसे. पदरात मूल असो वा नसो, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्याच पलटणीतल्या दुसऱ्या शिपायाशी लग्न होई. त्या बाईच्या बाजूने पाहिले तर ही घाई नव्हे. छप्पर आणि शिधा टिकवण्याचा तो एकच मार्ग होता.

म्हणून वधूचे १८४०मधले आडनाव घेऊन आधीचे लग्न शोधले. ते १८३८मध्ये, पुण्यालाच, सोळा वर्षांच्या मुलीचे मिळाले. मुलाने आईच्या मृत्युनोंदीत पहिल्या लग्नाचे वय आणि दुसऱ्या नवऱ्याचे नाव सांगितले होते. १८३८च्या नोंदीत तिचे माहेरचे आडनाव मिळाले आणि त्यावरून कुलाब्याचा १८२२चा बाप्तिस्मा : एका शिपायाची मुलगी, आई ‘नेटिव्ह वुमन’, नाव नाही.

आता पदकाचा प्रश्न नव्याने उभा राहिला. गझनीचे पदक नाव न कोरताच दिले जाई. ज्यांना हवे त्यांनी स्वतः कोरून घेतले. या पदकाची जागा कोरी. पहिला नवराही त्याच मोहिमेत गेलेला. मग पदक त्याचे तर नाही? डब्ल्यूओ १२मधल्या तिमाही हजेरीपटांत त्याचा मृत्यू गझनीच्या आधीचा, सिंधच्या वाटेवरचा निघाला. पदकाचा हक्क त्याला नव्हता. दुसऱ्याच्या सुटकेच्या कागदावर पदकाचा उल्लेख होताच. तरीही पुस्तिकेत ‘हे पदक त्याला मिळालेल्या पदकाशी जुळते’ एवढेच लिहिले, कारण कोऱ्या पदकाबद्दल याहून जास्त सांगता येत नाही.

यानंतर मामांना नेमकी तारीख पाठवली. एका चर्चच्या कार्यालयात मुलाच्या बाप्तिस्म्याची मूळ वही पाहता आली. लंडनची प्रत ही पाद्र्यांनी पाठवलेली नक्कल. तीत मुलाचा जन्मदिवस एका महिन्याने चुकला होता. बायबलचे पान बरोबर होते.

चाचणी शेवटी केली, आजेसासूबाई आणि त्यांच्या धाकट्या बहिणीची. नाव नसलेली ती आई या दोघींपासून पाच पिढ्या मागे, म्हणजे सरासरी वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. एकीच्या अहवालात दक्षिण आशियाई अंश स्पष्ट दिसला, दुसरीच्या त्याच्या निम्म्याहून कमी. एका आईच्या पोटच्या दोन बहिणींत एवढा फरक पडू शकतो. एकीचीच चाचणी केली असती, आणि ती दुसरी असती, तर कुटुंबाने वेगळाच अर्थ काढला असता.

निष्पत्ती

‘बॉम्बेची आजी’ या एका नावाखाली दोन बायका एकत्र झाल्या होत्या. सासू, म्हणजे फेन्सिबलची बायको, कुलाब्यात जन्मलेली. सून, म्हणजे थोरल्या मुलाची बायको, इंग्लंडमधली, तिच्या मृत्युनोंदीतली ‘न्यूझीलंडमध्ये किती वर्षे’ ही संख्या वजा केली की आगमन १८६४-६५चे येते. त्या वर्षांत वायकाटोत वस्ती वाढवण्यासाठी लंडन, ग्लासगो, आयर्लंड आणि केप टाउनहून जहाजे भरून कुटुंबे आणली गेली, त्यांतल्या एका कुटुंबातली ती मुलगी. तिच्या वडिलांची शेती बॉम्बे गावाजवळ.

पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन म्हणजे त्या सुनेच्या वडिलांची हीच शेती. केंब्रिजजवळची पन्नास एकर नव्हेच. त्या तुकड्याच्या दस्तनोंदवहीत सनदेनंतर लवकरच विक्री आहे. यात अचंबा वाटण्यासारखे काही नाही. तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटले गेले, कित्येक दलदलीत होते, रस्ते नव्हते, सरकारी शिधा संपल्यावर हातात भांडवल नव्हते. १८६७मध्ये न्यूझीलंडमधल्याच थेम्स या ठिकाणी सोने निघाले आणि कितीतरी मिलिशियावाले मिळेल त्या किमतीला जमीन विकून तिकडे गेले. म्हणूनच सनदेवर नाव असणे म्हणजे तिथे राहणे नव्हे. उलटही होते : तुकड्याचा हक्क आधीच विकला गेला असेल तर सनद विकत घेणाऱ्याच्या नावाने निघे आणि मूळ शिपाई कागदातून नाहीसा होई.

‘आजी मराठी होती’ असे पुस्तिकेत लिहावे, असा पुण्याकडच्या नातेवाइकांचा आग्रह होता. तो मानला नाही. कुलाब्याच्या छावणीत कोकणातल्या, गोव्याच्या, तेलंगणातल्या, मद्रासकडून पलटणींबरोबर आलेल्या अशा सगळ्याच बायका होत्या. चाचणीचा अहवाल ‘दक्षिण आशियाई’ म्हणतो, भाषा सांगत नाही. तिच्या पानावर वरच्या बाजूला मोकळी रेघ ठेवली आणि खाली ‘कुलाबा, १८२२, मुलीचा बाप्तिस्मा’ एवढेच छापले. माझ्या मते पुस्तिकेतले ते सर्वांत प्रामाणिक पान आहे.

जमिनीबद्दलची चर्चा अधिक अवघड गेली. काहींना तो भाग नको होता. ‘आपण तर ती विकली’ असे त्यांचे म्हणणे. आजेसासूबाईंनी मात्र नकाशा मागितला. सनदेतला पॅरिश आणि तुकड्याचा क्रमांक घेऊन जुन्या मोजणी नकाशावर तो शोधला. पुस्तिकेत मग असे आले : डिसेंबर १८६३च्या न्यूझीलंड सेटलमेंट्स ॲक्टखाली वायकाटोत सुमारे बारा लाख एकर जप्त झाली, हा तुकडा त्यातला, या भागात न्गाती हौआ आणि न्गाती कोरोकी काहुकुरा या माओरी जमातींची वस्ती होती, १९९५च्या वायकाटो रौपातू (म्हणजे जमीनजप्ती) तोडग्यात न्यूझीलंडच्या राजसत्तेने माफी मागितली आणि १७ कोटी डॉलरची भरपाई ठरली. शिपायाला जमीन बक्षीस ‘मिळाली’ असे न लिहिता ‘जप्त जमिनीतून देण्यात आली’ असे लिहिले.

वेगळे काय करता आले असते

आजेसासूबाईंच्या धाकट्या बहिणीला पहिल्याच आठवड्यात विचारायला हवे होते. बायबलचे दुसरे पान तिच्याकडे होते आणि त्यावर १८४०च्या लग्नाची तारीख होती. बायकोच्या शोधातला निम्मा वेळ तिथेच वाचला असता. घरातल्या सर्व शाखांकडे काय काय आहे याची यादी कुठलाही कागद मागवण्याआधी करावी.

लग्नाच्या सूचीत शोधताना वधूच्या आडनावाऐवजी वराचे आडनाव आणि पलटण धरून पाच वर्षांचा पट्टा सरळ वाचून काढणे जलद झाले असते. सूचीत वधू त्या वेळच्या आडनावाने असते, आणि विधवेच्या बाबतीत ते माहेरचे नसते. स्थळांची स्पेलिंगेही सगळी घ्यावीत : पुणे, खडकी, कुलाबा, अहमदनगर प्रत्येकी तीन-चार प्रकारे लिहिलेली आढळतात.

हजेरीपट उशिरा मागवले. ते वाचायला किचकट आणि प्रतीही महाग, म्हणून टाळले गेले. पण एका विशिष्ट तिमाहीत माणूस कुठे होता, आजारी होता की मेला, हे सांगणारा दुसरा कागद नाही. पहिल्या नवऱ्याची मृत्युतारीख आधी मिळाली असती, तर पदकाच्या मालकीवरून दोन शाखांत झालेला वाद टळला असता.

आणि आयरिश नाव पाहून कॅथलिक वह्यांकडे धाव घेतली नाही हे नशीब. हे घर प्रोटेस्टंट निघाले. कॅथलिक असते तर एन/३मधल्या त्या काळच्या नोंदी अपुऱ्या असल्याने पुण्यातल्या मूळ वह्यांवरच भिस्त ठेवावी लागली असती, आणि मामांच्या फेऱ्या वाढल्या असत्या.

चुकीच्या तीन वंशवृक्षांना दुरुस्ती कळवताना नुसते ‘तुमचे चुकले’ न लिहिता दोन्ही मृत्युनोंदी आणि मिलिशियाच्या पानाची प्रत जोडली. दोघांनी बदल केला. तिसऱ्यात १८२५ अजून आहे.